पार्किन्सन्स झाल्यापासून वडील दिवसभर नुसते बसून असतात. हा आळस, डिप्रेशन की आणखी काही?

तुम्ही लिहिलंय की गोळ्यांनी वडिलांचा कंप बराच आटोक्यात आहे, चालतात-फिरतात, तरी सकाळी एकदा खुर्चीत बसले की जेवायला हाक मारेपर्यंत उठत नाहीत. आणि आई म्हणते, "ते मनावरच घेत नाहीत." आमच्या घरात हे वाक्य दीड-दोन वर्षं रोज ऐकू यायचं. म्हणणाऱ्या सासूबाई होत्या, एवढाच फरक.

मी डॉक्टर नाही. पुण्यातल्या एका बी.एड. कॉलेजात शैक्षणिक मानसशास्त्र शिकवते आणि माझं रखडलेलं पीएचडी विद्यार्थ्यांच्या प्रेरणेवर आहे. सदाशिव पेठेतल्या, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुलं चार-चार वर्षं कशाच्या जोरावर बसतात आणि एक दिवस अचानक बसेनाशी का होतात, हा माझा विषय. म्हणजे इच्छा कुठून येते आणि कुठे जाते, यावर मी दिवसभर बोलते. तरी घरी सासऱ्यांच्या बाबतीत मी सपशेल चुकले. तुमचं उत्तर त्या चुकीतच आहे, म्हणून ती आधी सांगते.

प्रेरणेच्या संशोधनातला एक जुना प्रयोग आम्ही बी.एड.च्या वर्गात हमखास शिकवतो. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन संशोधकांनी बालवाडीतली चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते नंतर अवचित दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ रंगांपाशी रमत होती. आवडीचं काम मजुरीचं होऊन बसलं. डेसी आणि रायन यांनी याच वाटेने पुढे सिद्धांत मांडला की माणसाला तीन गोष्टी लागतात: आपलं आपण ठरवतोय ही भावना, आपल्याला हे जमतंय ही भावना, आणि आपली माणसं. माझं निम्मं शिकवणं या तीन ओळींवर चालतं. मुलांना हुकूम सोडू नका, निवड द्या.

आता आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर रोज पहाटे पर्वती, आणि अख्ख्या सोसायटीचे मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन दुरुस्त करायचा बिनपगारी उद्योग. पार्किन्सन्सचं निदान झाल्यावर वर्षभरात हे सगळं थांबलं. मी माझी विद्या वापरली. सासूबाईंना म्हटलं, मागे लागू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या. फ्रिजवर कागद लावला: फिरायला जाणे, पेपरातलं शब्दकोडं, गच्चीतल्या कुंड्या, असं पाच-सहा. "बाबा, यातलं हवं ते करा, तुम्हीच ठरवा." संध्याकाळी कॉलेजातून आले की कागद तिथेच, बाबा तिथेच. विचारलं, "आज काय करावंसं वाटलं?" तर शांतपणे, "काही नाही गं. मस्त चाललंय." कुरकूर नाही, रडणं नाही. तेच मला सहन होईना. एकदा मी आवाज चढवून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

मग शेजारच्या काकू आल्या. त्यांनी काही शिकलेलं नव्हतं, विचारलंही नाही. बाबांसमोरचा पेपर बाजूला सारला, बंद पडलेला मिक्सर टेबलावर उपडा ठेवला, स्क्रू ड्रायव्हर हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, हा फिरतच नाहीये बघा." बाबांनी बघितलं. मग खालचे स्क्रू काढायला लागले. हात थरथरत होता, एक स्क्रू दोनदा सोफ्याखाली गेला. "कार्बन संपलेत. बोहरी आळीतून आणा, इथे जवळच्या दुकानात चांगले नसतात." दीड तास गेला. मिक्सर फिरल्यावर जे हसले, ते हसू मी विसरलेच होते. मला वाटलं, गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खुर्ची.

यानंतर मी वाचायला बसले आणि न्यूरॉलॉजिस्टना नीट प्रश्न विचारले. आधी फक्त कंपाबद्दलच विचारत होतो.

याला डॉक्टर अ‍ॅपथी म्हणतात. मराठीत निरिच्छ म्हटलं की साधुपुरुष डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो शब्द नको. पण आपल्या भाषेत एक जोडी आहे, उदास आणि उदासीन. डिप्रेशनमधला माणूस उदास असतो: वाईट वाटतं, रडू येतं, आपण सगळ्यांना ओझं झालो असं वाटतं. अ‍ॅपथीतला उदासीन असतो. त्याला त्रास होत नसतो, त्रास घरच्यांना होतो. दोन्ही एकाच माणसात एकत्रही असू शकतं आणि पुष्कळदा असतं, म्हणून हे घरी बसून ठरवायचं नाही. पण तुमचे वडील एकटे नाहीत. अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये जे चित्र मांडलं गेलं त्यात पार्किन्सन्सच्या दहा रुग्णांपैकी साधारण चौघांत अ‍ॅपथी होती.

ती मोजायला स्टार्कस्टीन यांची १९९२ची चौदा प्रश्नांची प्रश्नावली आहे. ती पाहिली तेव्हा मला कसंसंच झालं. पहिलाच प्रश्न असा की नवीन गोष्टी शिकण्यात तुम्हाला रस आहे का? अगदी हाच प्रश्न मी अभ्यासिकेतल्या मुलांना विचारते! पुढे आणखी एक आहे: रोज काय करायचं हे तुम्हाला दुसऱ्याने सांगावं लागतं का? माझी चूक या प्रश्नात उघडी पडली.

कारण असं की पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपीन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळापासून मिळतं, रक्तदाबासाठी वापरलं जायचं. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यातून मेंदू डोपामिन बनवतो, आणि थोड्या वेळात ते उठून फिरायला लागले. याच वाटेवरच्या कामासाठी कार्लसनना २००० सालचं नोबेल वाटून मिळालं. वडिलांच्या गोळीतलं लेव्होडोपा ते हेच.

पण डोपामिन नुसतं स्नायूंचं तेल नाही. एखादी गोष्ट हवीशी वाटून उठणं आणि ती मिळाल्यावर आवडणं, या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे केंट बेरिज यांनी उंदरांवर दाखवलं. डोपामिन पार संपवलं तर उंदीर अन्नाकडे जात नाहीत, पण तोंडात गोड घातलं तर ते आवडल्याचे चेहरे मात्र करतात. बाबा कधी पिठलं-भाकरी मागत नाहीत, पण ताटात आली की दोन भाकऱ्या जातात. मिक्सरचंही तेच झालं.

ऑक्सफर्डच्या संशोधकांचा एक प्रयोग मला फार आवडतो. पडद्यावर सफरचंदाचं झाड दिसतं. किती सफरचंदं मिळतील आणि त्यासाठी हातातली मूठ किती जोराने दाबावी लागेल, दोन्ही दाखवतात. घ्यायचं की सोडायचं, तुम्ही ठरवा. पार्किन्सन्सचे रुग्ण थोड्या सफरचंदांसाठी जोर लावायला तयार नसतात, आणि औषध घेतलेलं असताना जास्त तयार होतात. कष्ट आणि फळ यांच्या तराजूचा काटाच सरकलेला असतो. तुमच्या आईला एवढंच सांगा की ज्याने मनावर घ्यायचं, तो भागच आजारी आहे.

तर अभ्यासिकेतला कंटाळलेला मुलगा आणि बाबा बाहेरून सारखे दिसतात, उपाय मात्र जवळपास उलटे. त्या मुलाची सगळी निवड आईवडिलांनी आणि क्लासवाल्यांनी काढून घेतलेली असते, त्याला ती परत द्यावी लागते. बाबांना निवड म्हणजेच डोंगर, कारण आतून सुरुवात करणं हेच गेलंय. त्यांना सुरुवात बाहेरून लागते. चालण्यातही हे दिसतं. बाबा दारात पाय चिकटल्यासारखे थबकतात, पण फरशीची रेघ दाखवून "ही ओलांडा" म्हटलं की पाय सुटतो. काकूंचा उपडा मिक्सर म्हणजे ती रेघ होती.

आम्ही मग "फिरायला जायचं का?" हा प्रश्नच बंद केला. सकाळच्या गोळीनंतर पाऊण तासाने, जेव्हा अंग सर्वांत मोकळं असतं, नवरा चपला पायांशी ठेवतो आणि "चला" म्हणतो. रोज तीच वेळ, तोच रस्ता. निवड हवी तर दोनातच, कालव्याच्या बाजूने की बागेत. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाची आम्ही तिकिटं काढून आणली आणि संध्याकाळी रिक्षाच दारात बोलावली. निघताना "कशाला उगाच" म्हणाले, पण शेवटचं गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिकडे एकदा दोघांनाही न्या. आईंना जास्त उपयोग होईल.

डॉक्टरांकडे जाताना गोळीच्या वेळा आणि वडील कुठल्या वेळी बरे असतात हे आठवडाभर लिहून न्या. औषधात बदल तेच करतील, तुम्ही नाही. डोपामिनसारखं काम करणाऱ्या काही गोळ्या उत्साह वाढवतात, पण काटा दुसऱ्या टोकालाही जातो. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत १३.६ टक्के लोकांत जुगार, खरेदी, खाणं किंवा कामेच्छा यांतलं काहीतरी हाताबाहेर गेलेलं आढळलं, आणि अशा गोळ्या घेणाऱ्यांत ते जास्त होतं. हे माहीत असेल तर वडिलांनी अचानक ऑनलाइन खरेदीचा सपाटा लावला, तर त्यांच्यावर न चिडता डॉक्टरांना फोन कराल. आणि कुणी खाजकुयलीचं चूर्ण सुचवेलच. त्यात खरोखर एल-डोपा असतं, म्हणूनच ते गोळ्यांच्या जोडीला परस्पर सुरू करायचं नाही.

एक विनंती, जाता जाता. हे वाचून कृपया "आमच्या बंड्याचं डोपामिन कमी झालंय" असा शोध लावू नका. रीलवाल्या डोपामिन डिटॉक्सचा आणि पेशी मरण्याचा काही संबंध नाही. बंड्याला बहुतेक तो विषय कुणी नीट शिकवलेला नसतो.

आमच्या टेबलावर आता कायम काहीतरी उघडून ठेवलेलं असतं. या आठवड्यात माझा हेअर ड्रायर आहे. तो बिघडलेला नव्हता.