अनंत समाखोम महालातील थाई हस्तकलांचे प्रदर्शन पाहावे का?

बँकॉकच्या मुक्कामात अनंत समाखोम सिंहासन महालातील थाई हस्तकलांचे प्रदर्शन पाहावे का आणि त्याला किती वेळ द्यावा, असे आपण विचारले आहे. प्रदर्शन अवश्य पाहावे. मात्र महाल 2017 पासून पर्यटकांसाठी बंद असून, तेथील कलाकृती आता अयुथ्या प्रांतात, बांग पा-इनजवळच्या को कोएत येथील संग्रहालयात आहेत.

मी ते प्रदर्शन महालात असताना पाहिले होते. राजे चुलालाँगकॉर्न यांनी 1908 मध्ये इटालियन वास्तुविशारदांकडून बांधायला घेतलेल्या या संगमरवरी वास्तूत 1932 च्या राज्यक्रांतीनंतर देशाची संसद भरत असे. गालिलेओ किनी यांनी घुमटांच्या आत रंगवलेली चित्रे इतकी भव्य आहेत की नजर सारखी वर जाते आणि काचेआडच्या वस्तूंवर थोडा अन्यायच होतो, असे मला तेव्हा प्रकर्षाने वाटले.

त्या वस्तूंमागे राणी सिरिकित यांनी 1976 मध्ये स्थापन केलेले प्रतिष्ठान आहे. शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींना निवडून त्यांना चित्रलदा राजवाड्याच्या आवारात सोनारकाम, मीनाकाम, लाकडावरील कोरीवकाम, रेशमी भरतकाम असे शिक्षण देण्यात आले, आणि त्यांच्याच हातून हे सारे घडले. सोन्याने मढवलेल्या अंबाऱ्या आणि राजनौकांच्या प्रतिकृती यांपुढे गर्दी असतेच, परंतु माझ्या मते खरे थांबावे ते ‘यान लिपाओ’च्या विणकामापाशी. दक्षिण थायलंडमधील या वेलीसारख्या नेच्याचे देठ सोलून धातूच्या पत्र्यावरील लहान लहान छिद्रांतून ओढतात, म्हणजे सर्व धागे एकसारख्या जाडीचे होतात. मग त्यांची इतकी घट्ट वीण घालतात की हातातली पेटी वेलीची आहे यावर विश्वास बसत नाही. काही पेट्यांत हिरव्या भुंग्यांच्या पंखांचे बारीक काप बसवलेले असतात आणि त्यांची चकाकी रंग न लावताही टिकून राहते. ‘खराम’ या कामात पोलादावर अतिशय बारीक रेघा पाडून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवतात. आपल्याकडील कोफ्तगिरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल.

संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखावा, खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि सुटीचा वार आधी तपासावा. बांग पा-इनचा राजवाडाही त्याच भागात आहे. दोन्ही एकाच दिवशी पाहायचे असल्यास राजवाडा दुपारसाठी ठेवावा, कारण बारीक काम पाहायला डोळे ताजे लागतात.