भाड्याच्या घरात राहून प्रस्तरारोहणाचा सराव कसा करावा? हँगबोर्ड घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, मागच्या हिवाळ्यात बेसिक कोर्स झाला, दोन-चार कडे चढून झाले आणि आता पावसाळ्याचे चार महिने फुकट जाऊ नयेत म्हणून हँगबोर्ड, म्हणजे बोटांनी लोंबकळायला खाचा असलेली भिंतीवरची फळी, घ्यायचा विचार आहे. माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका. एक लाकडी ठोकळा, हातभर दोरी आणि बादली, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं.

आधी भिंतीचं बघा. अलीकडच्या बऱ्याच इमारतींत भिंती सायपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. साधा प्लग मारून त्यावर फोटो टांगता येतो, माणूस नाही. बोर्ड लावायचाच तर काँक्रीटच्या बीमला अँकर फास्टनर मारून लावावा लागतो, आणि घरमालकाकडून त्याची परवानगी काढणं लिंगाण्याचा सुळका चढण्यापेक्षा अवघड. चौकटीत पिळून बसवायचे बार मिळतात, पण सनमायका लावलेल्या चौकटीत ते घसरतात. माझा रूममेट असाच बारसकट खाली आला, थेट माकडहाडावर. पुढचा आठवडाभर पालथा झोपत होता.

म्हणून ठोकळा. सुताराकडून सागाचा साधारण १५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. त्याला चार बोटांची पहिली पेरं टेकतील अशी २० मिलिमीटर खोल खाच पाडून घ्या. खाचेची कड पॉलिश पेपरने गोल घासायला सांगा, नाहीतर कातडी सोलवटते. व्हार्निश अजिबात नको, बोटं घसरतात. खालच्या बाजूला बरोबर मध्यावर भोक पाडायचं, त्यात दोरी ओवायची आणि दोरीला पाण्याची बादली. १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे वजनाचा हिशेब मगाने होतो. हे सगळं बाथरूममध्येच करा, का ते पहिल्याच दिवशी कळेल.

उभं राहून, खांदा कानाकडे न चढवता, बादली जमिनीपासून चार बोटं उचलायची आणि १० सेकंद धरायची. मग दुसरा हात. एकाच हाताच्या दोन खेपांत किमान २ मिनिटं जाऊ द्या. प्रत्येक हाताच्या ५-६ खेपा, आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान दोन दिवस सुट्टी. सुरुवात १० लिटरने करा. सगळ्या खेपा सहज व्हायला लागल्या की एक लिटर वाढवा. बादली पुरेनाशी झाली की पोत्यात वाळू भरा. बोटांची मधली पेरं साधारण काटकोनात ठेवा, अंगठा तर्जनीवर चढवून आवळू नका. आणि थंड बोटांनी कधीच सुरू करू नका. दहा मिनिटं जोर-बैठका, मग अगदी हलक्या वजनाच्या दोन-तीन खेपा, त्यानंतर खरं काम.

हे फार संथ वाटेल. मलाही वाटलं होतं, म्हणून एका पावसाळ्यात मी रोज लोंबकळलो. महिन्याभरात पुलअप्स वाढले, डोक्यात हवा गेली, आणि एका संध्याकाळी उजव्या अनामिकेत टक् असा आवाज आला. गळाच्या काठीला दोरा धरून ठेवणाऱ्या कड्या असतात ना, तशा बोटाच्या हाडाला चिकटून, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) धरून ठेवणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांना पुली म्हणतात. त्यातली मुळाजवळची ए-टू फाटली होती. पुढचे तीन महिने त्या बोटाशिवाय चपाती मोडत होतो. स्नायू काही आठवड्यांत बळावतात, कंडरा आणि पुल्यांना महिने, कधी वर्षं लागतात. मधल्या काळात दंड हो म्हणतात आणि बोट फसतं. कॅम्पस बोर्डचे, म्हणजे पाय न टेकता फळीच्या पट्ट्यांवरून नुसत्या हातांनी वर झेपावण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका. जर्मन प्रस्तरारोहक वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या जिममध्ये तो प्रकार सुरू केला तेव्हा तो जगातले सर्वांत अवघड मार्ग चढत होता. आपण अजून दुसऱ्या बोल्टला, म्हणजे दोर अडकवायला कड्यात ठोकलेल्या दुसऱ्याच खिळ्याला, थरथरतो.

बोटं उघडण्याचा व्यायामही हवा. भाजीच्या जुडीला असतो तो रबर पाचही बोटांभोवती अडकवून ताणायचा. फोनवर बोलताना होऊन जातं.

आता पाय. सह्याद्रीच्या बसाल्टवर नवखा माणूस बोटांमुळे कमी आणि पायांमुळे जास्त पडतो, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. अर्ध्या बोटाच्या खाचेवर बुटाचं टोक ठेवून अंग वर उचलायचं असतं, आणि तिथे पोटरी शिवणयंत्रासारखी उडायला लागते. जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायाचा फक्त पुढचा भाग टेकवून हळू वर-खाली व्हा, १५-१५ वेळा. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत चिकटपट्टीचे नखाएवढे तुकडे लावा आणि बुटाचं टोक बरोबर त्यावर, आवाज न करता टेकवायचा सराव करा. बायको हसेल, हसू दे. कोर्समध्ये शिकलेल्या दोरीच्या गाठीही विसरू नका: दिवे गेले की अंधारात फिगर ऑफ एट बांधा, खुर्चीच्या पायाला एका हाताने क्लोव्ह हिच घाला.

एक गोष्ट मात्र घरी शिकता येत नाही. ऑक्टोबरमध्ये कड्यावर जाल तेव्हा गवत अजून ओलं असेल आणि पावसाने बरेच दगड सुटलेले असतील. तुमची बोटं तोवर खणखणीत झालेली असतील, म्हणून मिळेल तो होल्ड, म्हणजे हाताला लागलेला दगडाचा आधार, जोराने ओढाल. ओढण्याआधी तळहाताने ठोकून बघा. पोकळ वाजला तर सोडून द्या आणि खाली तुमचा दोर सांभाळणाऱ्या बिलेवाल्याला ओरडून सांगा.