सासऱ्यांचं कार्ड काढून घेण्याआधी

‘ताई, सासूबाई गेल्यानंतर सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे आलेत, एप्रिलमध्ये. पहिल्या रविवारी आम्हीच त्यांना घराजवळच्या कॅसिनोत बुफेला नेलं. मेंबर कार्ड असलं की जेवण स्वस्त पडतं, म्हणून त्यांच्या नावाचं कार्डही काढून दिलं. आता ते रोज दुपारी तिथे जातात. विचारलं तर म्हणतात, मी पेनी मशीनवरच बसतो, एका सेंटचा तर खेळ! परवा आमच्या क्रेडिट कार्डाच्या ॲड-ऑन कार्डावरून त्यांनी चारशे डॉलर काढलेले दिसले. कार्ड काढून घ्यावं आणि तिकीट अलीकडचं करून त्यांना पुण्याला पाठवावं, असं मनात येतं. माझं चुकतंय का?’

लास वेगासजवळच्या हेंडरसनहून आलेल्या या पत्रात आणखी तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडे शेवटी वळते, कारण खरा प्रश्न हाच आहे. बाई गं, काळजी वाटण्यात तुझं काहीच चुकत नाही. परक्या देशात, नवरा रात्रपाळीला, घरात वडीलधारा माणूस आणि त्याच्याशी पैशांबद्दल बोलायचं कसं, या कोंडीतून आपल्यातल्या कितीतरी सुना गेल्या आहेत. पण तुझं तीन पानी पत्र मी दोनदा वाचलं. सासऱ्यांनी किती पैसे काढले ते त्यात आहे, किती वाजता गेले ते आहे. सकाळी नऊपासून तू घरी येईपर्यंत त्यांनी करायचं काय, याबद्दल मात्र एक ओळ नाही.

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय आणि सांगत राहणार. आपण आई-वडिलांना हौसेने बोलावतो, विमानतळावर हार घालतो आणि मग जिथे गाडीशिवाय पानही हलत नाही अशा वस्तीत बसवून कामाला निघून जातो. पुण्यात त्यांना वाचनालय होतं, कट्टा होता, पेपरवाल्याशी हुज्जत होती. तुमच्याकडे काय आहे? भिंतींनी वेढलेली टुमदार वस्ती, सावलीशिवायचा फूटपाथ आणि उन्हाळा. 7 जुलै 2024 ला लास वेगासमध्ये 48.9 अंशांची नोंद झाली, ते तू पाहिलंच असशील. अशा गावात चालत जाता येईल अशी थंडगार जागा कोणती? जिथे बसायला खुर्ची आहे, स्वच्छ बाथरूम आहे, कॉफी मिळते, कुणी ‘किती वेळ बसणार?’ विचारत नाही, आणि मेंबर कार्ड मशीनमध्ये घातल्याबरोबर पडद्यावर आपलं नाव उमटतं? तुझे सासरे पैशांच्या मागे लागलेत असं मला वाटत नाही. ते घराबाहेर पडलेत.

बाहेरच्या लोकांना वाटतं, वेगास म्हणजे स्ट्रिपवरची, त्या मोठमोठ्या कॅसिनोंच्या रस्त्यावरची, रोषणाई. तुम्ही राहणाऱ्यांना माहीत आहे की गावातल्या माणसांचे कॅसिनो उपनगरांत असतात, आणि त्यांतच सिनेमा, बोलिंग, बिंगो, हॉटेलं सगळं असतं. नेवाडात 1931 पासून जुगार कायदेशीर आहे. किराण्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर जुगाराची पंधरापर्यंत मशीनं ठेवायचा परवाना मिळतो. तिथे वाढलेल्या माणसाची नजर त्यांवरून घसरून जाते. एप्रिलमध्ये आलेल्या, नुकत्याच एकट्या पडलेल्या माणसाची नजर तशी घसरत नाही.

माझे वडील 1990च्या दशकात भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आले होते. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, हाताला सतत काम असलेला माणूस. तिथे अपार्टमेंटमधल्या चार आजोबांबरोबर ते अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंत बसने जायला लागले. बसला दिलेले पैसे तिकडे उतरल्यावर क्वार्टरच्या, म्हणजे पंचवीस सेंटच्या, नाण्यांच्या रूपात परत मिळायचे, वर जेवणाचं कूपन. म्हाताऱ्या माणसांना ती सहलच वाटायची. भावाने चिडून त्यांच्या हातातले पैसे बंद केले. तेव्हा वडिलांनी काय करावं? शेजारच्या गुजराती गृहस्थांकडून उसने घेतले. आयुष्यात कधी कुणाकडे उसने न मागितलेला माणूस! म्हणून म्हणते, कार्ड हिसकावून घेऊ नकोस. मार्ग काढला वहिनीने. तिने वस्तीतल्या मुलांच्या मोडक्या सायकली अंगणात आणून ठेवल्या, पान्यांचा संच आणून दिला आणि एवढंच म्हणाली, ‘बाबा, शनिवारपर्यंत व्हायला हव्यात.’ बस पूर्ण बंद झाली नाही. अधूनमधून जायचे, ठरलेली रक्कम खिशात घेऊन. पण मग मुलं दारात उभी असायची, त्यामुळे परत यायची घाई असायची.

आता त्या ‘एका सेंटच्या’ खेळाबद्दल, कारण तुझे सासरे बँकेतले आहेत आणि त्यांना हिशेबच पटेल. पेनी मशीन म्हणजे बटण दाबलं की पडद्यावर चित्रं फिरवणारं स्लॉट मशीन. ज्या रेषेवर चित्रं जुळली त्या रेषेचे पैसे मिळतात, आणि एक सेंट हा अशा एका रेषेचा भाव असतो. एका वेळी तीस, चाळीस, पन्नास रेषा लागतात, म्हणजे एकदा बटण दाबलं की पन्नास सेंटसुद्धा सहज जातात. भरभर खेळणारा माणूस तासाला सहाशे वेळा बटण दाबू शकतो. तीनशे डॉलर मशीनमधून फिरले. त्यातले दहा टक्के मशीनने ठेवले असं धर, तरी तासाला तीस डॉलर गेले. तीन तास बसले तर नव्वद. शिवाय पन्नास सेंट लावून वीस परत आले तरी मशीन दिवे लावून गाणं म्हणतं, त्यामुळे तीस सेंट हरलेला माणूस जिंकल्याच्या आनंदात पुढचं बटण दाबतो. प्रत्येक खेळ स्वतंत्र असतो, आधीच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ‘आता इतक्या वेळाने लागेलच’ याला काहीही आधार नाही.

गिरगावात माझे एक चुलते मटक्याचा आकडा लावायचे. वाईटच होतं ते, काकूने फार सोसलं. पण आकड्यात ओपन आणि क्लोज या दोन निकालांच्या मध्ये तास जायचे. माणूस घरी यायचा, जेवायचा, कुणीतरी त्याला चार शब्द सुनवायचं. या मशीनला मधला वेळच नाही, आणि शब्द सुनवणारं माणूस शेजारी बसलेलं नसतं.

तेव्हा असं करा. बोलायचं ते तुझ्या नवऱ्याने. सुनेने सासऱ्यांचा हिशेब काढला की तो अपमान होतो, मुलाने विचारला की काळजी ठरते. जेवणाच्या टेबलावर, नातवासमोर मुळीच नको. सकाळी ऊन चढायच्या आत दोघांनी फिरायला जावं. ‘बाबा, हे ॲड-ऑन कार्ड आम्ही बंद करतोय, तुमच्या पेन्शनमधले दर महिन्याचे इतके पैसे तुमच्या हातात रोख देतोय, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा,’ असं स्वच्छ सांगावं. आधी सांगा, मग बंद करा. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे पैसे सांभाळले त्यांना हे वीस वर्षांच्या पोरासारखं पैसे काढायच्या मशीनवर कळायला नको.

दुसरं, कॅसिनोतून त्या मेंबर कार्डाचं जिंकल्या-हरल्याचं स्टेटमेंट मिळतं, लोक टॅक्ससाठी मागवतात. सासऱ्यांनाच ते मागवायला सांगा. ज्याचं आयुष्य पासबुकात गेलं तो माणूस तुझं ऐकणार नाही, स्टेटमेंटचं ऐकेल. आणि मोठा जॅकपॉट लागला तर काय, असं ते म्हणत असतील, तर सांगा की व्हिजिटर व्हिसावर भारतातून आलेल्या माणसाच्या स्लॉटच्या जॅकपॉटमधून अमेरिकन सरकारचे तीस टक्के जागच्या जागी कापले जातात, आणि हरलेले पैसे त्यातून वजाही करता येत नाहीत.

तिसरं आणि माझ्या मते पहिलं: त्यांना काम द्या. मन रमवायला दिलेलं खोटं काम नको, त्यांच्यावाचून अडेल असं हवं. तुमच्या मंडळाचा गणपतीचा हिशेब कोण ठेवतं? बहुतेक कुणीतरी रात्री बारा वाजता एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. तो हिशेब यांच्याकडे सोपवा. आठवड्यातून एक सकाळ हेंडरसनच्या लायब्ररीत सोडा, एक दिवस समरलिनच्या हिंदू-जैन मंदिरात. लांब पडतं, मला माहीत आहे, तरी न्या. आरटीसीच्या, म्हणजे तुमच्या सिटी बसने एकट्याने जायला शिकवा, पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर बसा. मुंबई-पुण्यात लोंबकळत नोकरी केलेल्या माणसाला बस जमणार नाही असं आपणच का धरून चालतो?

एवढं करूनही ते लपूनछपून जायला लागले, खोटं बोलायला लागले, गेलेले पैसे परत मिळवायला आणखी पैसे लावू लागले किंवा कुणाकडे मागू लागले, तर तो एकटेपणा उरलेला नाही, आजार आहे. डॉक्टरही 2013 पासून त्याला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवतात. कॅसिनोत मदतीच्या फोनचा नंबर लावलेला असतो, तो उतरवून घे. गॅम्बलर्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे जुगार सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, बैठका तुमच्या गावात होतात, घरच्यांसाठी गॅम-ॲनॉन वेगळं आहे. नेवाडाच्या नियमांप्रमाणे माणूस स्वतः लेखी मागणी करून आपल्याला कॅसिनोकडून टपालाने येणाऱ्या जाहिराती, तिथली उधारी आणि चेक वटवण्याची सोय बंद करून घेऊ शकतो. सही त्यांचीच लागते, म्हणून तेव्हाही त्यांना बरोबर घेऊनच हे करावं लागेल.

आता राहिलेले प्रश्न. नवरा कॅसिनोत मशीनच्या सॉफ्टवेअरचं काम करतो, ‘ही कमाई पापाची का?’ असं तू विचारतेस. नाही. अर्धं गाव त्याच उद्योगावर जेवतं, आणि राज्याचा आयकर तुम्हाला भरावा लागत नाही त्यामागेही तोच पैसा आहे. त्याने प्रामाणिकपणे काम करावं आणि सुट्टीच्या दिवशी झोप काढावी.

मुलगा किराण्याच्या दुकानातल्या मशीनकडे बोट दाखवतो, तर सांग की एकवीसच्या आत हात लावायचा नाही, कायदाच आहे. घरी ‘आजोबा जिंकले’चा गजर मात्र बंद करा.

पुण्यातल्या आत्याबाई फोनवर ‘वेगासला कसलं डोंबलाचं राहायचं’ म्हणतात, त्या म्हणू देत.

आणि तिकीट अलीकडचं करू नकोस. पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये आता त्यांची वाट बघणारं कुणी नाही, हे तुझ्या पत्राच्या पहिल्याच ओळीत आहे. ऑक्टोबरपर्यंत त्यांना राहू दे, आणि या आठवड्यातच मंडळाच्या खजिनदाराला फोन कर.