४ बाय ७ चं बाथरूम, अन् टिपाड कुठं ठेवायचं?

प्रश्न : ताई, लातूरला औसा रोडकडं आमच्या घराचं काम चालू आहे. स्लॅब झालाय, आतल्या भिंती कमरेपर्यंत आल्यात. खालचं बाथरूम ४ बाय ७ फुटाचंच निघालंय, दार ४ फुटाच्या बाजूला. त्यात कमोड, बेसिन, शॉवर, गिझर, वॉशिंग मशीन सगळं बसवायचंय, वरून ह्यांना काचेचं पार्टिशन पाहिजे. सासूबाईंचे गुडघे दुखतेत. नळाला आठ दिवसाला पाणी, बाकी सगळं बोअरवर. गुत्तेदार रोज विचारायलाय, पॉइंट सांगा म्हणून. काय सांगू?

उत्तर : बरं झालं भिंती कमरेपर्यंतच आहेत तेव्हा विचारलंत, कारण पहिलं काम नळाचं नाहीच, दाराचं आहे. दार ४ फुटाच्या भिंतीतून काढा अन् ७ फुटाच्या भिंतीत घ्या. आत्ता जिथं आहे तिथं ठेवलं तर कमोड एक तर दारातच आडवा येतो, नाहीतर पार शेवटाला जातो, मग सासूबाईंनी अंघोळीच्या ओल्या फरशीवरून तिथंवर जायचं का? लांब भिंतीत दार घेतलं की आत पाय टाकल्यावर डावीकडं कमोड, उजवीकडं अंघोळ, कोरडं कोरड्यात अन् ओलं ओल्यात. दार बाहेर उघडणारं करा, म्हणजे आतली जागा खात नाही अन् आत कुणी पडलंच तर दार अडत नाही.

अजून एक, ४ फूट म्हणजे विटांतलं माप. प्लास्टर अन् टाइल झाली की ३ फूट ९ इंच हातात राहतंय, सगळा हिशेब त्यावर करा. कमोडची पाठ छोट्या भिंतीला लावा, मध्य दारासमोरच्या लांब भिंतीपासून १६ इंचावर घ्या अन् त्याच भिंतीला स्टीलचा दांडा, जमिनीपासून साधारण पावणेतीन फुटावर. दांड्याचे स्क्रू विटेत गेले पाहिजेत, नुसत्या टाइलवर टिकत नाहीत, म्हातारं माणूस सगळं वजन त्याच्यावर टाकतंय.

आता टिपाड, म्हणजे पाणी साठवायचा ड्रम. २०१६ ला मिरजहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावाला मी काय सांगावं, पण नकाशात टिपाड कुणीच काढत नाही अन् राहायला गेल्यावर ते दारात येऊन बसतंय. २०० लिटरचं ठेवलं तर जवळपास २ फूट जागा गेली, त्यापेक्षा १०० लिटरचं घ्या, दीड फुटात बसतं. अंघोळीच्या कोपऱ्यात ठेवा, त्याच्या डोक्यावर ३ फुटाच्या वर एक वेगळा नळ काढा अन् बादलीचा नळ खाली २ फुटावर. नाहणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, त्याच्या समोरच्या कोपऱ्यात घ्या, टिपाडाखाली नको, तुंबलं तर भरलेलं टिपाड कोण हलवणार! उतार सगळा तिकडंच, दारापासून कोपऱ्यापर्यंत इंचभर तरी. मधी उंबरा अजिबात करू नका, सासूबाईंचा पाय त्यालाच अडकंल.

काचेचं राहू द्या. बोअरचं पाणी जड असतं, महिन्यात काचेवर पांढरे डाग धरतेत अन् ते पुसायला ह्यांना लावाल तेव्हा ते स्वतःच काच काढायला सांगतील. शॉवरचा पॉइंट काढून ठेवा, पण त्याचीही भोकं क्षारानं बुजतेत, अंघोळ तर बादलीनंच होणारय. बेसिन बाहेर पॅसेजमधी, मशीन मागच्या मोकळ्या जागेत. गिझर दाराच्या वर बसवा, अंघोळीच्या डोक्यावर नको, अन् गरम पाण्याची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) लाइन गच्चीपर्यंत आत्ताच नेऊन ठेवा, आपल्याकडं ऊन काय कमी आहे, उद्या सोलर घेतलं तर भिंती फोडायच्या नाहीत. फ्लश बोअरच्या लाइनवर घ्या, नळाच्या पाण्यावर नको.

फरशी चकचकीत घेऊ नका, १ बाय १ फुटाची खरबरीत घ्या, उतार पण नीट धरतो. अन् गुत्तेदाराला तोंडी सांगू नका, उद्या सकाळी चुना किंवा खडू घेऊन जा, जमिनीवर कमोड, दार, टिपाड सगळं आखा, सासूबाईंना मधी एक खुर्ची टाकून बसवून बघा, उठता-बसता येतंय का. गुडघा कुठं लागतोय ते त्याच सांगतील.

टाइल लावायच्या आधी प्रत्येक भिंतीला मेजर टेप धरून पाइपांचे फोटो काढा. मी काढले नव्हते. टॉवेलचा स्टँड लावताना ड्रिल थेट पाइपात गेलं, तेही दिवाळीच्या आदल्या दिवशी, अन् अभ्यंगस्नान सगळ्यांनी शेजारच्यांकडं केलं.