ऑइल, बॅटरी आणि हेडलाइट : घरच्या घरी गाडीची देखभाल

पावसाळ्यापूर्वी आलेल्या पत्रांमध्ये गाडीची कामे स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच आहेत. त्यांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहे.

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. वॉरंटी संपली असल्याने इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलण्याचा विचार आहे. हे काम मला जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काम अवघड नाही, परंतु त्यातला खरा धोका गाडीखाली शिरण्यात आहे, म्हणून आधी त्याविषयीच लिहितो. डिकीत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो; केवळ त्याच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. गाडी उचलल्यावर निर्मात्याने दाखवलेल्या जागांवर जॅक स्टँडची जोडी लावावी, किंवा पुढची चाके मजबूत रॅम्पवर चढवावीत. मागच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांची उटी लावून हँडब्रेक ओढून ठेवावा. स्टँडऐवजी विटा रचणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांना दर वेळी थांबवले आहे, कारण वजनाखाली वीट आधी कोणतीही सूचना न देता फुटते. पार्किंगमध्ये उतार असेल, किंवा पेव्हर ब्लॉक हलत असतील, तर त्या जागी हे काम करू नये.

इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे आणि थोडे निवू द्यावे. कोमट ऑइल पातळ असते आणि तळाशी बसलेली घाण सोबत घेऊन उतरते. कडकडीत गरम ऑइलने मात्र हात भाजतो. ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल बाहेर सोडण्याचा तळाचा बोल्ट, सैल केल्यावर पहिली धार सरळ खाली न पडता बाजूला झेप घेते, त्यामुळे भांडे थोडे पुढे सरकवून ठेवावे. बोल्टचा वायसर नवीनच वापरावा. बोल्ट परत लावताना पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत आणि नंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने) घट्ट करावा. अनेक गाड्यांचा ऑइल सम्प, म्हणजे इंजिनच्या तळाचे ऑइलचे भांडे, ॲल्युमिनियमचा असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी स्वतः लांब दांड्याच्या पान्याने असा बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला होता. शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात पाना अचानक हलका झाला आणि आटे गेल्याचे हातालाच कळले. काही रुपयांचा वायसर बदलण्याचे काम त्या दिवशी सम्प बदलण्यावर गेले.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग त्याच्यासोबत निघाली आहे ना, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. नव्या रिंगेला ताजे ऑइल बोटाने लावून, रिंग टेकल्यानंतर फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा फिरवावा. लहान पेट्रोल इंजिनमध्ये बहुधा ३ ते ३.५ लिटर ऑइल मावते, तरी नेमका आकडा आणि ग्रेड (उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०) मॅन्युअलमधूनच घ्यावा. नरसाळ्याने आधी थोडे कमीच ओतावे, इंजिन एक मिनिट चालवून खाली गळती पाहावी, आणि इंजिन बंद करून गाडी सपाट जागी उभी करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) पुसून पातळी तपासावी. वरच्या खुणेच्या वर ऑइल जाऊ देऊ नये.

जुने ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये, ही कळकळीची विनंती आहे. ते घातक कचऱ्यात मोडते आणि थोडेसे ऑइलही खूप पाणी नासवते. नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये ते भरून जवळच्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. जुने ऑइल साठवून पुनर्प्रक्रियेसाठी देणारी गॅरेजेस असतात, तशी आहे का हे विचारून घ्यावे.

प्रश्न : गाडी आठवडाभर उभी राहिली की सकाळी सुरू होत नाही. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते. दुकानदार नवी बॅटरी घ्या म्हणतात. बॅटरी तीन वर्षांची आहे.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बॅटरी बदलण्याआधी पूड काढून पाहावी, कारण तिच्यामुळे टर्मिनल आणि क्लॅम्प यांच्यातला संपर्कच कमजोर होतो आणि चांगली बॅटरीही स्टार्टरला पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत असे गंजणे लवकर होते.

इंजिन बंद करावे, बोटातली अंगठी आणि मनगटावरचे कडे काढून ठेवावे, आणि ऋण म्हणजे काळ्या केबलचा नट आधी सोडवावा. यामागे कारण आहे : धन टर्मिनलवर पाना लावलेला असताना त्याचे दुसरे टोक गाडीच्या पत्र्याला लागले, तर ऋण बाजू आधीच सुटलेली असल्यामुळे शॉर्ट होत नाही. जोडताना क्रम उलटा, म्हणजे ऋण शेवटी. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून तो जुन्या टूथब्रशने लावावा. पूड फसफसून सुटते आणि खालचा करडा धातू दिसू लागतो. बॅटरीला पाणी घालण्याची झाकणे असतील, तर हे मिश्रण त्यांच्या भोकांत शिरू देऊ नये. स्वच्छ पाण्याने पुसून, कोरडे करून, घट्ट जोडल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. या कामात डोळ्यांवर चष्मा असावा आणि जवळपास ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसावी, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.

यानंतर साध्या मल्टीमीटरने मोजावे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. तो १२ च्या घरातच रेंगाळला, तर दोष अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारे यंत्र), त्याचा पट्टा किंवा जोडणी यांत असण्याची शक्यता अधिक, आणि नवी बॅटरीही काही दिवसांत तशीच बसेल. दोन्ही आकडे ठीक असूनही आठवड्यात बॅटरी उतरत असेल, तर गाडी बंद असताना काहीतरी प्रवाह ओढत आहे : डिकीचा दिवा, नंतर बसवलेला अलार्म, डॅशकॅम. ते एकेक करून सोडवून पाहावे.

प्रश्न : एसी लावला की कुबट वास येतो. घरी काही करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि पान्याशिवाय निघतो. नवा बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा. उतरण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून पंखा चालू ठेवल्यास आतला ओलावा सुकतो आणि वास परतत नाही. एसीचा गॅस भरण्याचे काम घरी करू नये.

प्रश्न : रात्री महामार्गावर हेडलाइट अपुरे पडतात. १००/९० वॉटचे बल्ब किंवा एलईडी बल्ब स्वतः बसवावेत का? रुंद टायर बसवण्याचाही विचार आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्ही बल्ब बसवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ एच-४ प्रकारचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा (पहिला आकडा दूरच्या झोताचा, दुसरा जवळच्या) असतो आणि १२ व्होल्टला साधारण ५ अँपिअर घेतो. १०० वॉटचा बल्ब ८ अँपिअरहून अधिक घेतो. त्या उष्णतेने होल्डरचे प्लॅस्टिक आधी तपकिरी पडते, मग वितळते. एलईडीची अडचण वेगळी आहे. हॅलोजनचा परावर्तक त्या बल्बच्या बारीक तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. तिथे एलईडी आला की प्रकाश विखुरतो, आपल्याला रस्ता उजळल्यासारखा वाटतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसत नाही. या दोन्हींपैकी मला ही दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते.

त्याऐवजी दिव्याची काच पाहावी. ती बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि उन्हाने पिवळी पडते. आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेप लावून १०००, २००० आणि ३००० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यासोबत क्रमाने फिरवावा, मग पॉलिश आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा लेप द्यावा. पहिल्या पेपरनंतर काच पांढुरकी दिसते, घाबरू नये. बल्ब जुने असतील तर त्याच वॉटचे चांगले बल्ब घ्यावेत आणि त्यांच्या काचेला उघडे बोट लावू नये, कारण बोटाच्या तेलामुळे ती जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो.

टायरबाबत मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या खांबावर दिलेलेच माप ठेवावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि चुकीच्या मापाचे टायर वळताना चाकाच्या कमानीला घासतात, हे वेगळेच. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल, तर मात्र टायर बदलायलाच हवेत.

प्रश्न : ब्रेक पॅड घरी बदलता येतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : शेजारी उभे राहून शिकवणारा जाणकार नसेल, तर नाही. बॅटरीच्या कामात चूक झाली तर गाडी घरीच उभी राहते. ब्रेकमधली चूक भर रस्त्यात, दुसऱ्याच्या जिवावर उघडी पडते. तपासणी मात्र आपण अवश्य करावी. चाकाच्या फटीतून टॉर्चने पाहून पॅडची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास दिसली, तर गॅरेज गाठावे. ब्रेक फ्लुइडची पातळी पॅड झिजल्याने हळूहळू उतरते, तेव्हा नुसती भर घालण्याआधी पॅड पाहावेत. पातळी झपाट्याने उतरली असेल, तर गळती समजून गाडी बाहेर काढू नये. भर घालायचीच असल्यास झाकणावर छापलेल्या डॉट क्रमांकाचे, सीलबंद डब्यातले फ्लुइडच घालावे. गॅरेजमधून पॅड बदलून गाडी ताब्यात घेताना ती हलवण्याआधी पॅडल घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबावे, कारण कॅलिपरचे (पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन मागे ढकललेले असल्याने पहिल्या दाबाला पॅडल थेट तळाशी जाऊ शकते.