भाकरी धरली, तरी वजन का उतरेना?

प्रश्न : वजन उतरवायचं म्हणून चपाती सोडली. दोन्ही वेळेला ज्वारीच्या दोन-दोन भाकरी खातो, तरी काटा हलत नाही. ज्वारी हलकी ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पचायला हलकी म्हणतात, पण उष्मांकांचा हिशेब वेगळा. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 335 उष्मांक, तेवढ्याच कणकेत 320. तंतूही (फायबर) दोन्हींत 10-11 ग्रॅमच्या घरात. गोम आहे ती आकारात. पातळ फुलका साधारण 25 ग्रॅम कणकेचा; घरची भाकरी सहज 60 ग्रॅम पिठाची. म्हणजे दोन भाकऱ्यांत जवळजवळ पाच फुलके! वर चमचाभर तूप घेतलं की आणखी 45 उष्मांक.

आठवडाभर पीठ काट्यावर मोजूनच घ्या : भाकरीमागे 40 ग्रॅम, एका वेळी एकच भाकरी. सोबत वाटीभर उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी किंवा मुळा. नंतर सवयीने घेतलेला भातही मोजणीत धरायचा.

एवढ्या पिठाची भाकरी पातळ थापता येत नाही, अशी तक्रार हमखास येते. दोष बहुतेक पिठाचा असतो. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, कडा चिरतात, मग भाकरी मोडू नये म्हणून जाड थापली जाते. गव्हाची कणीक बांधून ठेवणारं प्रथिन, ग्लुटेन, ज्वारीत नसतं. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, त्याचाच काय तो चिकटपणा. म्हणून दळण आठवड्यापुरतंच आणा. पिठात कढत पाणी घालून दोन-तीन मिनिटं झाका, मग तळहाताने रगडून मळा, तेही एकेका भाकरीपुरतं. आणि मैद्याच्या चाळणीने चाळू नका. पोट भरलेलं ठेवणारा कोंडा त्यातच जातो.

प्रश्न : मल्टिग्रेन ब्रेड चालेल का?

उत्तर : पाकिटामागची घटकांची यादी वाचा, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव मैदा किंवा रिफाइंड गव्हाचं पीठ असेल, तर तो मैद्याचाच ब्रेड. तपकिरी रंग कॅरॅमलचाही असू शकतो.

प्रश्न : आम्ही कोकणातले, भातखाऊ. भात बंद करून नाचणी सुरू केली आणि पोट फुगू लागलं.

उत्तर : इथे मात्र धान्यबदलाने खरा फरक पडतो. 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात तंतू जेमतेम 3 ग्रॅम, नाचणीत 11. आतड्यांना एकदम एवढ्या तंतूंची सवय नसते. पहिले दोन आठवडे एकाच जेवणात नाचणी घ्या, दुसऱ्या जेवणात थोडा भात राहू द्या, आणि पाणी वाढवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच राहिलं तर साखर फार खाली येऊ शकते.