‘भयवर्जन’ म्हणजे ‘निर्भय’च का?

एका ताईंनी विचारलंय, पोरगी शाळेच्या सहलीत सेवाग्रामला जाऊन आली, तिथल्या प्रार्थनेत ‘सर्वत्र भयवर्जन’ ऐकलं अन् आता अर्थ विचारून राहिली, तर ‘निर्भयता’ सांगितलं तर चालते का?

चालते ताई, मार्क कोणी कापणार नाही, पण फरक आहे. निर्भय म्हणजे ज्याच्यातलं भेवच निघून गेलं तो, म्हणजे माणसाचं वर्णन झालं. वर्जन हे काम आहे, करावं लागते. शुगरवाल्याला साखर वर्ज्य असते म्हणजे त्याला गोड आवडत नाही असं थोडंच आहे, डबा समोरच असते, हात घालायचा नाही एवढंच. तसं भेव असते, पोटात गोळा येते, फक्त त्याचं ऐकून वागायचं नाही.

हा शब्द गांधीजींच्या आश्रमाच्या अकरा व्रतांतला, विनोबांनी ती पद्यात बसवली. आता त्यात मागेपुढे काय आहे ते बघा, भयवर्जनाच्या लगेच मागून येते ‘सर्वधर्मी समानत्व’, मग ‘स्वदेशी’ अन् ‘स्पर्शभावना’, म्हणजे शिवाशिव न पाळणं. माझं आपलं वाचन असं की हा क्रम उगीच नाही, दुसऱ्या धर्माच्या माणसाचं भेव डोक्यात ठेवून समानत्व तोंडानं म्हणता येते, करता येत नाही.

अन् ‘सर्वत्र’ काहून? गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या जेलातून या व्रतांवर पत्रं लिहिली, त्यात भेवाचे प्रकारच सांगितले आहेत, मरणाचं, रोगाचं, पैसा जाण्याचं, अन् अब्रूचं म्हणजे लोक काय म्हणतील याचं. गावाकडं हे शेवटचंच सगळ्यात भारी. वाघाले न भेणारा माणूस भावकीले भेते. वर्ध्याला 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं तेव्हा समोर इंग्रज नव्हता, आपलेच लोक होते.

बाबा आमट्यांचं उदाहरण तर आपल्या हातचं आहे. रेल्वेत एका बाईची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना ते एकटे भिडले, मार खाल्ला, गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटलं. तोच माणूस पुढे रस्त्यात पडलेला कुष्ठरोगी पाहून घाबरून पळाला, अन् हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, लपवलं नाही. मग ते परत फिरले, त्याची सेवा केली, अन् त्यातूनच पुढं वरोऱ्याजवळ आनंदवन उभं झालं. म्हणून मला ‘साधक’ हा शब्द आवडते, सिद्ध नाही म्हटलं, साधक म्हटलं. 1985 मध्ये सत्तरीच्या पुढे, पाठीच्या दुखण्यानं बसता येत नाही तरी ते कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडोला निघाले, पंजाब तेव्हा अतिरेक्यांच्या हिंसाचारानं किती तापलेला होता ते जुन्या लोकांना आठवत असेल.

अमेरिकेत माँटगोमरीच्या काळ्या लोकांनी 1955-56 मध्ये बसमधल्या काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्ध 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला, मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब पडला तरी बायामाणसं पायीच कामावर जात राहिली, त्यांना भेव वाटलं नसेल का? त्याला मी भयवर्जन म्हणीन.

उलटं काय होते ते 2018 मध्ये दिसलं. पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडं फिरून राहिले होते अन् धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेले 5 जण जमावानं मारून टाकले. त्याच दिवसांत आमच्या गावात एक चादरी विकणारा आला, दाढीवाला, पंधरावीस पोट्टे त्याच्या मागं लागले, आधारकार्ड दाखव म्हणे. शेजारची म्हातारी काठी टेकत आली, त्याले ओसरीवर बसवलं, पाण्याचा गडवा दिला अन् पोट्ट्यांना म्हणाली, “हा माह्या घरचा पाहुना हाय, बोला आता.” नंतर मी विचारलं आजी भेव नाही लागलं का, तर म्हणे, “लागलं ना बाप्पा, हातपाय कापत होते माहे.”

त्यातलेच काही पोट्टे आता गाडीवर ‘कट्टर’ लिहून फिरतात. त्यांना तो शब्द निर्भयच्या जवळचा वाटते, मला तो भेवाच्या जवळचा वाटते, धर्म धोक्यात आहे असं रोज मोबाइलवर वाचल्याशिवाय कोणी कट्टर होत नाही.

तर ताई, पोरीच्या वहीत ‘भेव बाजूला ठेवून वागणे’ असं लिहा, बाई नाही म्हणणार नाहीत. ‘बेडर’ मात्र नका लिहू, तो डाकूलेही चालते. अन् महावितरणच्या ‘अभय योजने’तलं अभय वेगळं, ते समोरच्यानं द्यायचं असते, थकबाकी असली की.